चित्रावरचा तळहात

एकदा एक तरुण अमेरिकेतून शिकून आपल्या गावी परतला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपडे थोडे आणि जुन्या मोटारींची छायाचित्रे फार होती. तिथल्या सुरुवातीच्या मोटारींचा सचित्र इतिहास मराठीत काढायचा, आपल्या मुलांच्या हाती द्यायचा, या ध्यासाने तो आला होता. हा ध्यास त्याला लागला तो गावच्या वृद्ध चित्रकला शिक्षकांच्या ओसरीवर. त्यांच्यापाशी तसा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. लहानपणी पालथे पडून त्याने त्यातल्या गाड्या पाहिल्या होत्या: बग्गीसारख्या, पितळी दिव्यांच्या, स्टिअरिंगच्या चाकाऐवजी दांड्याने वळणाऱ्या. परदेशातल्या खोलीत त्याला घरापेक्षाही त्या ओसरीची ओढ लागे.

पुस्तकाची कच्ची प्रत तयार झाली. छापखान्यात देण्याआधी गुरुजींनी एकदा ‘छान’ म्हणावे, एवढ्यासाठी तो ती घेऊन गेला.

“आलास? अमेरिकेत जेवायला घालत नव्हते वाटतं,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

“आधी हे बघा, गुरुजी. एकेक गाडी किती स्वच्छ दिसते बघा. मागचा पसारा सगळा कापून टाकलाय.”

गुरुजींनी पहिले पान उघडले आणि गाडीवर आपला तळहात ठेवला. थोडा वेळ पाहिले. पान उलटले, पुन्हा तळहात ठेवला. असे ते शेवटपर्यंत करत राहिले. एकही गाडी त्यांनी धड पाहिली नाही.

तरुणाचा चेहरा उतरला. “गुरुजी, तुम्ही तर सगळं झाकूनच टाकताय.”

“झाकल्यावर काय उरतं, ते बघत होतो.”

“काय उरलं?”

“कोरा कागद.”

मग गुरुजी उठले आणि कपाटातला तो जुना ग्रंथ घेऊन आले. मधले एक पान त्यांनी सहज काढले; बोटांना सवय असावी. “आता तू ठेव हात. गाडीवर.”

तरुणाने हात ठेवला. हे चित्र त्याला तोंडपाठ होते, निदान तसे त्याला वाटत होते. गाडी झाकली गेली आणि चिखलात उमटलेली चाकोरी दिसली. मान वळवून पाहणारा एक घोडा दिसला. आणि फाटकाशी एक बाई, एप्रनला हात पुसता पुसता थबकलेली, गाडी जिकडे निघाली तिकडे पाहणारी.

“ही इथं होती?” त्याने हळूच विचारले.

“तू ओसरीवर पालथा पडायचास तेव्हाही होती. गाडी कशी होती, हे तू फार उत्तम दाखवलंयस. पण ती माणसांना एवढी का हवीशी वाटली आणि ती निघाली तेव्हा मागे कोण राहिलं, हे गाडीवर लिहिलेलं नसतं. ते रस्त्याच्या कडेला उभं असतं. तू नेमकी तीच कड कापलीस.”

तरुणाचा हात चित्रावरच राहिला. त्याला गाव सोडल्याचा दिवस आठवू लागला. एस.टी.चा थरथरता पत्रा आठवला, डिझेलचा वास आठवला. स्टँडवरचे चेहरे मात्र काही केल्या आठवेनात.

“मी निघालो त्या दिवशी तुम्ही आला होतात, गुरुजी?”

“खांबापाशी उभा होतो. लाडू दिले होते तुझ्या आईकडे.”

“मी हात केला होता?”

गुरुजी हसले. “तू ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होतास. गिअर कसा टाकतात, ते बघण्यात गुंग. मीच हात केला. गाडी वळेपर्यंत.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच तरुणाला मान वर करवेना. त्याने आपली कच्ची प्रत मिटून पिशवीत घातली.

“मूळ छायाचित्रं आहेत माझ्याकडे. न कापलेली,” तो म्हणाला. “पुस्तकाला उशीर होईल.”

“होऊ दे,” गुरुजी म्हणाले. “आज जेवून जा.”

पुढे पुस्तक निघाले, त्यात गाड्या थोड्या लहान दिसत होत्या.

ज्या वाटेने आपण पुढे आलो तिचे चित्र मनात येईल, तेव्हा आपल्या गाडीवर क्षणभर तळहात ठेवून पाहावे. कुणीतरी अजून हात हलवत असेल.