दांडीखालचं बाळंतपण

गावात घड्याळ एकबी नव्हतं, पर राजं दोन व्हतं, त्या येळची गोष्ट. ओढ्याच्या अल्याड माळेवाडी एका राजाची, पल्याड शेंदूरवाडी दुसऱ्याची. राज्यं तरी केवढी? एकात कोंबडा आरवला की दुसरं जागं व्हायचं. पर मधी नाका, नाक्यावर आडवी दांडी, आन दांडी खाली ऱ्हावी म्हणून तिची दोरी वढून धरल्याला शिपाई भैरू नाईक. चिठ्ठीबिगर माशीबी सोडायचा न्हाई.

अल्याड राहायची सत्यव्वा सुईण. तिचा हात फिरला की आडवं मूलबी सरळ व्हायचं, असं म्हणत्यात.

मग देश सोतंत्र झाला. दोन्ही राजांनी सह्या केल्या, राज्यं देशात मिळाली. समदीकडं साखर वाटली. भैरूनंबी खाल्ली. पर दांडी तशीच! राजाचा कागद कुठं आलावता?

एका दुपारी पल्याडची काशव्वा अडली. दोन दिस कळा, मूल आडवं. नवऱ्यानं गाडीत घालून नाक्यावर आणली. सत्यव्वा धावत आली.

"भैरू, उचल दांडी. दोन जीव जातील रं!"

"राजाचा शिक्का दावा, आक्का."

"आरं मुडद्या, शिक्का दिऊन टाकला त्यानं. आता काय टकलानं उमटवंल?"

"दांडी खाली हाय म्हंजी राज्य हाय."

"बरं. ऱ्हाऊ दे खाली."

आन तिनं काशव्वाला निजवली कुठं? बरोबर दांडीखाली! डोकं त्या राज्यात, पाय ह्या राज्यात. भैरू बघतच ऱ्हायला.

"बाळंतीण बघतोस व्हय? फीर मागं!"

भैरू फिरला. सत्यव्वाचा हात फिरत ऱ्हायला. असं म्हणत्यात, त्या घटकाभर ओढाबी वाहायचा थांबला. मग पोर रडलं, आन दांडी सर्रकन आभाळाकडं गेली! सात कोसांवरच्या नाक्यांच्या दांड्याबी वर गेल्या. भैरू मरंस्तवर सांगायचा, देवानं उचलली. काशव्वाचा नवरा सांगायचा, दोरी भैरूनंच सोडली, पाठमोऱ्या हातानं.

"पोर कुठल्या राज्याचं लिवू?" भैरूनं डोळं पुसत इचारलं.

"राज्य कसलं लिवतोस? घे, धर," म्हणली सत्यव्वा, आन पोर त्याच्याच हातात दिलं.

दांडी पुन्यांदा कुणी पाडली न्हाई.

आजबी दोन्ही गावांची बारशी ओढ्यातच. मधी पाळणा. अल्याडच्या बाया "गोविंद घ्या" म्हणत्यात, पल्याडच्या "गोपाळ घ्या", आन बाळ हिकडनं तिकडं जातं. तवर समद्या बाप्यांनी पाठ करून उभं ऱ्हायचं, मग तो सरपंच का असंना. घुगऱ्यांची पयली मूठ सत्यव्वाच्या नावानं.

दुसरी भैरूच्या. पर ती जरा ल्हान.