खुराक उतरवताना

कृष्णाकाठच्या एका गावात एकदा एक पैलवान होता, आणि त्याची कुस्ती सुटली तरी खुराक सुटला नव्हता. त्याचे नाव रंगराव. ऐन उमेदीत त्याच्या नावावर जत्रेची मैदाने भरत असत. पुढे एका लढतीत त्याचा गुडघा निखळला, तो पुन्हा पूर्ववत झाला नाही आणि रंगरावाने लंगोट खुंटीला टांगला. गुडघ्याला जे कळले ते पोटाला मात्र कुणी कळवलेच नाही. पहाटे बदाम-खसखशीची थंडाई, न्याहारीला तुपात भिजलेल्या भाकरी, दुपारी मटणाचा रस्सा आणि निजण्यापूर्वी तांब्याभर आटीव दूध, हा क्रम अखंड चालू राहिला. पूर्वी हे सारे घामावाटे निघून जात असे. आता घाम यायचा तो फक्त जेवताना.

गावालाही त्याच्या खाण्याचे केवढे कौतुक! लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्यापुढे आले की आजूबाजूचे लोक जेवणे थांबवून पाहत. "पैलवान, येवढ्यात दमलासा व्हय?" असे कुणी म्हटले की रंगराव पुन्हा बाह्या सरसावी. पैलवानाने पुरे म्हणणे म्हणजे भर मैदानात पाठ टेकणे, असा त्याचा पक्का समज होता. आग्रह करणारे हात धुऊन घरी जात आणि रंगराव बाजेवर पडून रात्रभर धापा टाकी.

त्याचा थोरला भाऊ ज्ञानू हाही गावातल्या त्याच तालमीतला नामांकित मल्ल. त्याचेही असेच झाले होते. कुस्ती संपली, ताट तेवढेच राहिले आणि पन्नाशी गाठण्यापूर्वीच एका सकाळी तो शेताच्या बांधावर बसल्या जागी गेला. त्याला खांदा देणाऱ्यांत रंगराव पुढे होता. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितले की, "रक्तात साखर आहे, हृदयावर ताण आहे, असंच चाललं तर तुमच्या भावाच्या वाटेनं जाल," तेव्हा हा डोंगराएवढा माणूस दवाखान्याच्या पायरीवर मटकन खाली बसला. मैदानात भल्याभल्यांना न घाबरलेला रंगराव त्या दिवशी मनापासून घाबरला.

घाबरलेला मल्ल काय करतो? चवताळून उठतो. रंगरावाने घरी येताच युद्ध पुकारले. थंडाई वाटायची दगडी कुंडी शेजाऱ्याला देऊन टाकली, तुपाचा डबा बहिणीकडे धाडला आणि बायकोला, शेवंताला, बजावले, "आजपास्नं मला फकस्त मुगाचं पाणी. दुसरं काय बी मागितलं तरी द्यायचं न्हाई." काही दिवस त्याने खरोखरच मुगाच्या पाण्यावर काढले. डोके भणभणू लागले, हातपाय कापू लागले, घरातली माणसे त्याच्या वाऱ्याला उभी राहीनात. मग शेजारी बारसे निघाले आणि रंगरावाने तिथे असा काही हात मारला की यजमानाला दुसऱ्यांदा पुऱ्या तळाव्या लागल्या. पुन्हा पश्चात्ताप, पुन्हा मुगाचे पाणी. दर वेळी निश्चय आधीपेक्षा कठोर होई आणि दर वेळी तो मोडल्यावरचे खाणेही आधीपेक्षा जास्त होई.

अखेर एके दिवशी, उपाशीपोटीच, तो हाती नारळ घेऊन तालमीत गेला. वस्ताद मारुतीच्या मूर्तीसमोर घोंगडी टाकून बसले होते. ऐंशी ओलांडलेला, काटक, ताठ कण्याचा म्हातारा. गावातल्या मल्लांच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखाली घडल्या होत्या.

"वस्ताद, मारुतीसमोर शपथ घ्यायला आलोय," रंगराव म्हणाला. "दूध, तूप, मटण, भात, गोड, समदं आजपास्नं बंद. मरंपातुर बंद. तुमी साक्षीला ऱ्हावा."

वस्तादांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिले. त्याचे सुकलेले ओठ पाहिले. मग त्यांनी नारळ त्याच्या हातून काढून बाजूला ठेवला, त्याला ओसरीवर बसवले आणि स्वतः आत जाऊन ताट वाढून आणले. ताटात भाकरी होती, मटणाचा वाफाळता रस्सा होता, कांदा होता आणि वाटीभर तूपही होते.

रंगराव आ वासून पाहतच राहिला. "वस्ताद, डाक्टरनं..."

"जेव आधी."

वस्तादांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही तालमीची पहिली शिकवण. रंगराव जेवू लागला. व्यायाम संपवून लंगोटावर उभी असलेली तरणी मुले एकमेकांना कोपराने ढोसू लागली. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला वस्तादांनी मटण वाढले! म्हातारपणी वस्तादांची बुद्धी फिरली, असेही एकाच्या मनात येऊन गेले. जेवण आटोपल्यावर वस्तादांनी विचारले, "पोट भरलं?"

"भरलं."

"मंग आता सांग, काय सोडशील?"

रंगराव गोंधळला. मघाशी सारे जग सोडायला निघालेला तो माणूस आता विचारात पडला. शेवटी चाचरत म्हणाला, "तूप... निम्मं करीन."

"बास. अर्धी वाटी. बाकी समदं हाय तसं. आठवड्यानं ये."

रंगराव घरी आला तो धुमसतच. आपण प्राण पणाला लावून शपथ घ्यायला गेलो आणि म्हाताऱ्याने अर्ध्या वाटी तुपावर बोळवण केली! हा काय पराक्रम झाला? परंतु शब्द वस्तादांचा होता. त्याने तूप निम्मे केले आणि तेवढे करणे फारसे जड गेले नाही, याचाच त्याला अधिक राग आला.

आठवड्याने वस्ताद म्हणाले, "बदाम वाटून पिऊ नगंस. भिजवून चावून खा." रंगरावाने पाहिले, चावायला लागले की तेवढे बदाम खाववतच नाहीत. पुढच्या खेपेला सांगितले, "ताटावर बसलास की पयल्यांदा काकडी, मुळा, पालेभाजी. मंग भाकरी." त्यानंतर कधी तरी रात्रीचे दूध तांब्यातून पेल्यात आले. मग मटण रोजचे होते ते आठवड्याच्या बाजारापुरते झाले आणि त्या जागी मटकीची उसळ आली. एखादी गोष्ट जमली नाही तर वस्ताद पुढची सांगतच नसत. "न्हाई जमलं? बरं. ह्या आठवड्यात बी तीच." एवढे बोलून ते दुसऱ्या कामाला लागत. सणाच्या दिवशी रंगराव घसरला आणि पुरणपोळ्यांवर तुटून पडला, तेव्हा तो मान खाली घालून आला आणि म्हणाला, "मला काय बी शिक्षा द्या." वस्तादांनी विचारले, "पोळ्या ग्वाड झाल्या हुत्या का?" तो म्हणाला, "लई." "झालं तर मंग. उद्यापास्नं हाय तसं चालू."

या पद्धतीने महिने लोटले. शेवंताला नवऱ्याचा श्वास हलका झालेला रात्री ऐकू येई आणि ती देवाला हात जोडी. रंगरावाला मात्र ही मुंगीची चाल सोसेना. एके दिवशी त्याचा धीर सुटला. तो तालमीत येऊन जवळजवळ ओरडलाच, "वस्ताद, आता येकदाच काय ते सांगा! असं चिमटी चिमटी करत ऱ्हायलो तर मी म्हातारा हुईन की वो!"

"व्हशील की," वस्ताद शांतपणे म्हणाले. "त्येच्यासाठीच तर चाललंय समदं. ज्ञानूला कुठं म्हातारं व्हता आलं?"

वस्तादांनी त्याला शेजारी बसवून घेतले.

"आरं, तू पोटासंगं निकाली कुस्ती धरून बसलायस. येकदा चीत केलं की झालं, असं वाटतंय तुला. पोट काय तुजा वैरी हाय व्हय? ते बी तुज्यासंगंच ह्या तालमीत आलंय. तू पयल्यांदा आलास तवा अर्ध्या भाकरीत तुजं भागत हुतं. त्या दिवशी तांब्याभर थंडाई पाजली असती तर वकून पडला असतास. म्हनून थोडं थोडं चढवलं. वरसं लागली गड्या, मला तुजा खुराक चढवायला. मंग उतरायला वेळ नको? माळवदावरनं उडी टाकून बी मानूस खाली येतंय, पर आल्यावर उठत न्हाई. पायरीपायरीनंच उतराय पायजे."

मग रंगरावाने इतके दिवस मनात सलणारी गोष्ट विचारली. "मंग त्या दिवशी ताट का वाढलंसा?"

वस्ताद हसले. "उपाशी मानसानं घेतलेली शपथ जेवलेल्या मानसाला पाळावी लागती. तुजं पोट रिकामं हुतं, डोस्कं तापलं हुतं. त्या वक्ताला तू हिमालयात बी गेला असतास. म्हनून आदी जेवू घातलं आनि मंग इचारलं. भरल्या पोटी तू अर्धी वाटी तूप सोडतो म्हनलास. तेवढंच खरं हुतं. जेवढं खरं, तेवढ्यावरच पुढचं रचता येतं."

रंगराव उठला आणि वस्तादांच्या पायांवर डोके ठेवून घरी गेला. त्या दिवसापासून त्याने घाई केली नाही. मुंगीची चाल ज्याने सोसली, त्याला पुढे ती चालही जाणवेनाशी होते. डॉक्टरांनी हळूहळू गोळ्या कमी केल्या. भल्या पहाटे रंगराव नदीपर्यंत चालत जाऊ लागला. एका लग्नात वाढप्याने जिलब्यांचे ताट त्याच्यापुढे धरले, भोवतालच्यांनी सवयीप्रमाणे गलका केला, तेव्हा त्याने एक जिलबी घेतली, डोळे मिटून चवीने खाल्ली आणि हसून पानावर आडवा हात धरला. त्याला मन मारावे लागले नाही. त्याला आणखी नकोच होती, आणि या गोष्टीचे त्याचे त्यालाच इतके नवल वाटले की तो पंगतीतून उठल्यावरही बराच वेळ स्वतःशी हसत राहिला.

काही वर्षांनी दिवाळीच्या सुमारास शेवंताने त्याला आठवण करून दिली की, ज्या वयात ज्ञानू गेला ते वय आता मागे पडले. रंगराव तसाच उठून तालमीत गेला. वस्ताद आता बाजेवरच असत. त्यांच्या पायाशी बसून तो म्हणाला, "वस्ताद, मी आता ज्ञानूदादापरास मोठा झालो."

वस्तादांच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी वाहू लागले आणि त्यांनी ते पुसले नाही. रंगरावाने उभ्या आयुष्यात या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिले नव्हते.

"दोगं बी माज्याच हातची पोरं," ते म्हणाले. "त्येचा खुराक बी मीच चढवला हुता. तुज्याहून जास्त. त्येनं लंगोट ठेवला, मी पाठीवर हात फिरवून घरी धाडलं. वस्तादाचं काम तिथं सरलं, असं समजत हुतो मी."

दर आठवड्याला अर्ध्या वाटी तुपाची चौकशी हा म्हातारा इतक्या चिकाटीने का करीत होता, ते रंगरावाला तेव्हा उमगले. तो गुरूचे पाय चेपीत बसून राहिला.

बोट धरून माणसाला वर चढवणारे पुष्कळ भेटतात. त्याच मायेने बोट धरून खाली उतरवणारा एखाद्यालाच लाभतो. त्या गावच्या तालमीत आजही एक रीत पाळतात. कुणी लंगोट खुंटीला टांगला की त्याचा सत्कार करतात, फेटा बांधतात, पण निरोप देत नाहीत. म्हाताऱ्यामागे तालीम सांभाळणारे रंगराव वस्ताद त्याच्या पाठीवर हात ठेवून एवढेच म्हणतात, "उद्या पाटंचं ये."