चांगुणाचा मोकळा कोपरा

तिवरबंदरात तसबिरीसाठी शिंपल्यांची चौकट विकत घ्यायला आलेला पाहुणा हमखास एकच तक्रार करतो. उजवीकडचा खालचा कोपरा उघडा आहे, शिंपल्या गळून पडल्या वाटतं. गळत नाहीत. तिथं लावतच नाहीत. देवळाच्या पायरीवर बसणारे गजानन तात्या पाटील मान डोलावून सांगतात, "तो दर्याचा वाटा." पाहुण्यांना ते आवडतं. गावातल्या बायका सांगतात ते आवडण्यासारखं नाही.

फार मागं, पोशा पाटलाच्या मुलीचा साखरपुडा होता म्हणे, आणि पाटलाला पंगतीत पापलेट हवं होतं. दर्या बंद होता. नारळी पुनवेआधी होडी काढायची नाही, हा नियम पाटलाच्याच बापजाद्यांनी केलेला. तरी त्यानं आपली होडी काढायला लावली. दुसरं कोणी जाईना, म्हणून ती होडी हाकणारा जोमा तांडेल एकटा गेला. चौथ्या दिवशी होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागली. जोमा आला नाही. पंचांनी निकाल दिला, तांडेलानं मस्तीनं होडी नेली. होडी लोटताना पाचही पंच वाळूवर उभे होते.

जोमाची बायको चांगुणाही तिथंच उभी होती. भाकरीचं फडकं तिनंच त्याच्या हातात दिलं होतं.

गावचा दंडक असा, की बुडालेल्याची तसबीर घरच्या बाईनं शिंपल्यांनी मढवून भिंतीवर चढवल्याशिवाय पुनवेचा नारळ दर्याला द्यायचा नाही. जत्रेत काढलेला जोमाचा एकच फोटो होता. चांगुणानं शिंपल्या उकळल्या, राखेनं घासल्या, उन्हात वाळवल्या. होडीच्या भेगा बुजवायला जोमानं आणलेली राळ उरली होती, तीच वितळवून तिनं एकेक शिंपली बसवली. शेवटच्या कोपऱ्याशी हात थांबला. ही पुरी होऊन भिंतीवर गेली की पंचांचा निकाल मान्य केल्यासारखं होणार, आपला नवरा कायमचा मस्तवाल ठरणार, हे तिला कळत होतं.

पुनव उद्यावर आली. पोशा पाटील दारात आला.

"पुरी कर गो ती. गाव अडलाय तुज्यापायी."

"होडी कोनी लोटायला लावली, तेवढं चार मानसांत बोला पाटील. मंग लावते."

"मेलेल्याला आता त्याचा काय उपेग?"

"मेलेल्याला नसंल, मना हाय."

पाटलानं चौकट हिसकावली आणि कोपऱ्यात स्वतःच शिंपली दाबली. ती पडली. पुन्हा दाबली, पुन्हा पडली. शेवटी तशीच अपुरी चौकट त्यानं भिंतीवर टांगली.

पुनवेला त्यानं सोन्याच्या वर्खाचा नारळ सोडला, तो लाटेनं परत आणला. तीनदा सोडला, तीनदा त्याच्याच पायांशी आला, असं सांगतात. सगळा गाव बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं. पाटील बोलला नाही. पंच वाळू बघत बसले. मग चांगुणानं आपल्या परसातला साधा नारळ सोडला, तो सरळ आत गेला. होड्या निघाल्या. पाटलाची मात्र कोणी हलवली नाही, वाळूतच कुजली.

चांगुणानं कोपरा कधी भरला नाही. पुढं पाटील मेला आणि घरच्यांना त्याच्याही तसबिरीला तशी चौकट हवी होती, तेव्हा त्याच्या सुनेनंही तो कोपरा मोकळा सोडला. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आजही तिवरबंदरात कोणतीच बाई तिथं शिंपली लावत नाही. पोशा पाटलाची तसबीर तात्यांच्या माजघरात आहे. तो त्यांचा पणजोबा. पाहुण्यांना ते ती कौतुकानं दाखवतात. दाखवताना उभे राहतात ते नेमके त्या कोपऱ्याच्या पुढ्यात.