हाताचं सुतक

एकदा एका तालमीतल्या नामांकित मल्लाचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्याने तो जागेवर बसवला, पट्टी बांधली आणि महिनाभर हात हलवायचा नाही असं बजावलं. पण तालमीतल्या माणसांची एक जुनी श्रद्धा असते, की लाल माती अंगाला लागली की सगळं बरं होतं. या गृहस्थाने आठव्याच दिवशी पट्टी सोडली, खांद्याला माती चोळली आणि कुस्तीच्या हौद्यात उतरला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! पहिल्याच पकडीत खांदा पुन्हा निखळला. वर्षभरात असं तीनदा झालं.

तिसऱ्या खेपेला हाडवैद्याने स्पष्ट सांगितलं, की हा सांधा आता कुस्ती पेलणार नाही. नेमाने व्यायाम केला तर रोजच्या कामापुरता हात चालेल. भिंतीशी उभं राहायचं आणि बोटांनी हळूहळू भिंत चढायची, एवढाच तो व्यायाम.

मल्लाने तालमीच्या भिंतीवर, पूर्वी हात पोचायचा तिथे, कोळशाने रेघ ओढली. बोटं कानाशीच अडायची. दोन महिन्यांत बोटं चार अंगुळं वर सरकली, पण ते त्याला दिसलंच नाही. त्याला फक्त रेघ दिसायची. एकदा चिडून त्याने हात हिसडला आणि कळवळून खाली बसला. त्या दिवसापासून त्याने अन्न टाकलं. जगून काय करायचं, असं तो घरच्यांना विचारू लागला.

हे कानावर येताच वृद्ध वस्तादांनी ओल्या फडक्याने ती रेघ पुसली. शिवाय तालमीत सांगितलं, की याला दहा दिवसांचं सुतक आहे, याने मातीला शिवायचं नाही आणि कोणी याला धीरही द्यायचा नाही. सगळे बुचकळ्यात पडले. मल्ल संतापून आला.

"वस्ताद, माझ्या घरात मेलंय कोण?"

"तुझा हात मेलाय, बाळा," वस्ताद शांतपणे म्हणाले. "कुस्त्या मारणारा. तू त्याच्यासाठी रडलाच नाहीस. कधी माती लावून, कधी रेघ ओढून त्याला उठवत बसलास. आणि हा जो जिवंत उरलाय, त्याचे रोज हाल केलेस. आधी त्याचं दुःख कर. मग याच्याकडे बघ."

मल्ल तिथेच ढसाढसा रडला. पुढचे दिवसही रडला. कोणी अडवलं नाही.

अकराव्या दिवशी सुतक फिटलं म्हणून तो विहिरीवर अंघोळीला बसला. डोक्यावर ओतायला उजव्या हाताने पाण्याचा भरलेला तांब्या उचलला. तो हनुवटीपर्यंत आला आणि थांबला. मल्लाने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याने हात तिथेच ठेवला आणि आपली मान खाली वाकवली.