पाणमांजराची बिनधुराची गाडी

एका जंगलात, नदीच्या वळणाशी, एक पाणमांजर राहत असे. बालमित्रांनो, त्या जंगलातले प्राणी पेट्रोलच्या गाड्यांतून फिरत. गाड्या होत्या वेगवान, पण त्यांच्या धुराने झाडांची पाने काळवंडली होती आणि हरिणीचे पाडस सारखे खोकत असे. पाणमांजराला ते बघवेना. दोन वर्षे खपून त्याने हायड्रोजन वायूवर चालणारी गाडी तयार केली. उन्हावर चालणाऱ्या यंत्राने पाण्यातून हा वायू वेगळा काढायचा आणि टाकीत भरायचा. मग गाडी धावे आणि मागच्या नळीतून निघे ती फक्त पाण्याची वाफ.

सगळ्यांनी गाडीचे कौतुक केले. कोल्हा म्हणाला, "गाडी उत्तम आहे. पण वायू मिळतो तो फक्त तुझ्या दारात. जंगलात चार ठिकाणी पंप होऊ देत, मग मी घेतोच." पाणमांजर घाटाच्या पायथ्याशी, अस्वलाच्या पेट्रोलपंपावर गेले. अस्वल म्हणाले, "जागा आहे रे माझ्याकडे. पण आधी दहा गाड्या रस्त्यावर दिसू देत, मग वायूची टाकी बसवतो." पाणमांजर पुन्हा कोल्ह्याकडे आले. "त्याला आधी गाड्या हव्यात, तुम्हाला आधी पंप हवा. मग सुरुवात करायची कोणी?" कोल्हा शांतपणे म्हणाला, "कोणीही करावी. माझी काही हरकत नाही."

सुरुवात केली ती एकट्या हरिणीने. "निदान माझ्या गाडीचा धूर तरी माझ्या लेकराच्या छातीत जायला नको," असे म्हणून तिने ती गाडी घेतली. नदीच्या आसपास गाडी छान चाले. पण पुढे आठवडाभर आभाळ भरून राहिले. ऊन नाही, म्हणून यंत्र बंद. नेमका तेव्हाच पाडसाला श्वास घेता येईना. वैद्य हत्ती राहत असे घाटापलीकडे. टाकीत वायू थोडाच उरला होता, तरी हरिणी पाडसाला घेऊन निघाली. कशीबशी अस्वलाच्या पंपापर्यंत पोचली आणि गाडी थांबली. "माझ्याकडे पेट्रोल आहे, बाई, वायू नाही," अस्वल खाली मान घालून म्हणाले. बऱ्याच वेळाने कोल्ह्याची गाडी आली. त्याने दोघांना आत घेतले आणि भरधाव घाट ओलांडला. हत्तीने पाडसाच्या छातीला कान लावला. पाडस वाटेतच गेले होते.

जंगलात मात्र बोलणे सुरू झाले. "बरे झाले, मी ती गाडी घेतली नाही," कोल्हा म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हरिणीने गाडी परत नेऊन दिली. पाणमांजराला तिच्याकडे बघण्याचे धैर्य होईना. ती म्हणाली, "तुझी गाडी वाईट नव्हती. एकटी होती." ती निघून गेल्यावर पाणमांजराने यंत्राचे एकेक नट सैल केला आणि सारे भाग पोत्यात भरून ठेवले. त्यानंतर त्या जंगलात तशी गाडी कोणी बनवली नाही.

तात्पर्य : चांगल्या कामाची सुरुवात दुसऱ्याने करावी म्हणून सगळेच थांबून राहिले, तर ते काम बुडते आणि जो एकटा पुढे गेला तोच पहिला बुडतो.