मातीची भाकरी

एका राज्यात मणिकेतू नावाचा राजा होता. त्याला मांत्रिक कपालनाथानं सोन्याची वीट दिली. म्हणाला, "ही महालाच्या पायात घाल. शहर आपोआप वाढेल. पण रीत मोडू नकोस."

रीत जुनीच होती. नव्या घरातली पहिली भाकरी बांधणाऱ्या गवंड्याच्या पानात वाढायची. राजाला कुठला धीर? महाल बांधताना रामशा गवंडी परांचीवरून पडून मेला. इकडे त्याची चिता पेटली, तिकडे राजा स्वतःच पहिली भाकरी खायला बसला!

झालं! वीट कोपली. शहराचा तट रोज पुढे सरकू लागला. शेतं गिळली, तळं गिळलं. तटाबाहेर गवंड्यांची वस्ती, तिथे गटाराचं पाणी उरलं. आणि आत? तव्यावर टाकलेल्या भाकरीची माती होऊ लागली. सोन्याच्या ताटात माती. वाढा आणि खा!

घुमटावर तांबट पक्षी बसला होता. तो बोलला, "राजा, तीन गोष्टी हव्यात. महालाखालची मूठभर माती. कडी नसलेल्या घरातलं मीठ. आणि मेल्या गवंड्याच्या माणसानं तुझ्या चुलीवरची भाकरी खावी."

प्रधानानं महालाखाली खणलं, तर नुसतं सोनं. शहरभर हिंडला, तर दारोदार कड्या. शेवटी रामशाच्या बायकोला, हौसाला, बोलावलं. नवऱ्याच्या घमेल्याला महालाच्या पायातली माती वाळून चिकटली होती, ती तिनं खरवडून दिली. मीठ घरचंच आणलं. तिच्या खोपटाला दारच नव्हतं, कडी कुठली?

राजा म्हणाला, "आता भाकरी खा."

"खाईन, महाराज. पण माझी पोर सोनकी गटाराचं पाणी पिऊन वाळत चाललीय. तिला तटाच्या आत ठेवा."

"दिला शब्द."

ती माती, ते मीठ घालून थापलेली मातीची भाकरी पानात आली. माती खाल्ली राजानं, चावायची मात्र हौसानं! घास घशात अडकला. नवऱ्याच्या आठवणीनं ती ढसाढसा रडली, पण शेजारी उभ्या पोरीकडे बघून गिळत राहिली. तिसऱ्या घासाला ज्वारीची चव आली. विटेचं सोनं उतरलं. तट जागच्या जागी थांबला. घरोघर भाकऱ्या फुगल्या.

राजानं शब्द पाळला. सोनकीला मुदपाकखान्यात भाकऱ्या थापायला ठेवलं.

"आणि मी?" हौसानं विचारलं.

प्रधान म्हणाला, "शब्द पोरीचा होता, बाई. दिवस मावळला की गवंड्यांनी वेशीबाहेर जायचं. नियम सगळ्यांना सारखा."

सोनकीनं आईचा पदर धरला. हौसानं तिची बोटं एकेक करून सोडवली. "पाणी पोटभर पी, बाये," एवढंच म्हणाली. रस्त्यात लोक राजाचा जयजयकार करत होते, त्या गर्दीत तिला वेशीपर्यंत जायला कुणी वाट देईना.

शाप सुटला, घडी बसली. इथे कहाणी सुफळ झाली म्हणायची पद्धत आहे. माझी जीभ रेटत नाही. तुम्ही पोटभर जेवला असाल, तर तुम्हीच म्हणा.