बापाचं नाव घरूनच

ज्या काळी संगणकांना मोठमोठी पोटं होती, त्या काळची गोष्ट. अलिबागच्या ज्यू सिपोराबाईंनी दिवंगत वडिलांचं नाव हिब्रूत टंकलं आणि ती फाईल छापखान्यात पाठवली. छापलेल्या कागदावरून हिरू पाथरवट कबरीच्या दगडावर नाव कोरणार होता.

छापखान्याचा संगणक वेगळ्या घराण्यातला. तो फाईलला म्हणाला, "ये बाई. तुझी अक्षरं माझ्याकडे नाहीत, पण रिकामे चौकोन देतो, गोड मानून घे."

चौकोनांची ओळ छापून निघाली. "नक्षी झकास आहे!" म्हणत हिरूने छिन्नी उचलली.

"थांबा हो!" सिपोराबाई धावल्या. "ही नक्षी नाही, माझे बाबा आहेत!"

फाईल खाली मान घालून घरी परतली. घरचा संगणक म्हणाला, "जाऊ दे गं. दगडावरचं कोण वाचतंय?"

"त्यांची लेक वाचते," फाईल ठणकावून म्हणाली. तिने घरच्या संगणकात राहणाऱ्या हिब्रू अक्षरांना हाक मारली, "या वेळी तुम्हीच माझ्या पोटात बसा."

"तू जड होशील," अक्षरं म्हणाली.

"होईन."

तिला पुन्हा दारात पाहून छापखान्याचा संगणक फुगला. "शिदोरी बांधून आलीस? माझ्या पाहुणचारात काय कमी होतं?"

"चहा तुमचा घेईन, दादा," फाईल म्हणाली, "बापाचं नाव मात्र घरूनच आणीन."

नवा कागद हिरूच्या हाती आला. "कुठून सुरू करू, बाई?"

"उजवीकडून. हिब्रू तिकडूनच वाचतात," सिपोराबाई म्हणाल्या.

आणि छिन्नीचा पहिला घाव दगडाच्या उजव्या टोकाला पडला.